आतला कौल नेमका ओळखायचा कसा? सोलापुरात शांत बसायला जागा आणि पद्धत, दोन्ही हवं आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी. मुक्काम जुळे सोलापूर. पुण्यात नोकरी मिळते आहे आणि इथे घरचं कापडाचं दुकान आहे. दोन महिन्यांत काय ते ठरवायचं आहे. वडीलधाऱ्यांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि ज्याचं ऐकावं त्याचं त्या दिवसापुरतं पटतं. म्हणजे सल्ल्यांची कमतरता नाही. स्वतःवरचा भरवसाच कमी पडतो आहे.

"शांत बस, निसर्गात जा, उत्तर आतून येईल" असं सगळे म्हणतात. पण बसायचं म्हणजे काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. किती वेळ बसायचं? डोळे उघडे की मिटलेले? मनात प्रश्न घेऊन बसावं की रिकामं? आणि आतून जे येतं ते खरं मार्गदर्शन की आपलीच भीती किंवा हाव, हे कशावरून कळतं? सोलापुरात आणि आसपास यासाठी कुठे जावं? सध्या वीस मिनिटं ठरवून बसणं चालू आहे, पण बाराव्या मिनिटाला पाय बधिर होतात आणि उठावं लागतं. जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

आसनस्थ

पायांचं आधी घेतो, कारण पाय दुखत असताना बाकीचं सगळं वाया जातं.

मुंग्या येतात त्या रक्त थांबल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण बहुधा दाबले गेलेले मज्जातंतू असतात. मांडी घातल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि मांडीच्या मागे त्यांच्यावर भार येतो. उपाय घरातच आहे. आपली सोलापुरी चादर घ्या, घट्ट घडी घाला, उंची चार-पाच बोटं आली पाहिजे. या घडीवर फक्त बूड टेकवायचं, तेही पुढच्या काठाशी. पाय खाली सतरंजीवर. असं बसलं की गुडघे कमरेपेक्षा खाली जातात, पाठ आपोआप उभी राहते आणि मांडीवरचा भार कमी होतो. गुडघे अजून वरच राहत असतील तर आणखी एक चादर. तरीही जमत नसेल तर सरळ खुर्ची घ्या, तळपाय जमिनीवर सपाट, पाठ टेकायची नाही. खुर्चीवर बसलं म्हणून साधना हलकी होत नाही. पाय बधिर झालाच तर लगेच उभं राहू नका. पाय लांब करून मिनिटभर थांबा. बधिर पायावर उभं राहून घोटा मुरगळतो.

डोळे अर्धे उघडे, नजर तीन हातांवर जमिनीकडे. पूर्ण मिटले तर नवख्याला एक तर डुलकी लागते, नाहीतर मनात चित्रं सुरू होतात.

मग श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, नाकानेच, अशी बारा आवर्तनं. साधारण दोन मिनिटं लागतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर निवळायला लागतं. इथे एक चूक हमखास होते. श्वास संथ करायच्या नादात माणूस तो खूप खोल घेतो आणि गरगरायला लागतं. श्वास नेहमीएवढाच ठेवा, फक्त सावकाश. रोखून धरू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच नाही.

दोन मिनिटांनी मोजणं सोडून द्या आणि कानांवर या. आधी सगळ्यात लांबचा आवाज: स्टेशनकडची शिट्टी, हायवेवरचा ट्रक. मग मधला: शेजारचा कुकर, खालच्या रिक्षा. मग सगळ्यात जवळचा, म्हणजे पंखा आणि स्वतःचा श्वास. प्रत्येकाला मिनिटभर द्या, नंतर सगळे आवाज एकदम येऊ द्या. आवाजाचं बरं असतं. तो धरून ठेवता येत नाही, येतो आणि जातो. विचारांकडेही तसंच पाहायची सवय याच वाटेने लागते. मन पन्नास वेळा भरकटलं आणि पन्नास वेळा ते लक्षात आलं, तर त्या दिवशी पन्नास वेळा अभ्यास झाला. एकदाही भरकटलं नाही असं वाटलं तर बहुधा डोळा लागला होता.

आता भरवशाचं, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. वीस मिनिटं ठरवून बाराव्या मिनिटाला उठलात की रोज स्वतःला दिलेला एक शब्द मोडतो. आतला आवाज ऐकू यावा असं वाटतं, पण त्या आवाजानेही तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून उद्यापासून आठच मिनिटं ठरवा. पण ती पूर्ण करा, आठ म्हणजे आठ. चौदा दिवस एकही न चुकता झाली की बारा करा. वीस गाठायला दीड महिना लागला तरी चालेल. फोन विमान मोडवर टाकून त्यातलाच गजर लावा, नाहीतर अर्धं लक्ष घड्याळात राहतं.

प्रश्न घेऊन बसायचं असेल तर तो शेवटच्या तीन मिनिटांत घ्या, सुरुवातीला नाही. आणि "पुण्याला जाऊ का?" असा विचारू नका. असं विचारलं की मनात दोन वकील उभे राहतात. त्याऐवजी एका दिवशी मनात म्हणा: "ठरलं, मी पुण्याला जातोय." खरंच ठरल्यासारखं तीन मिनिटं बसा आणि जबडा, खांदे, पोट, श्वास यांचं काय होतं ते पाहा. दुसऱ्या दिवशी म्हणा: "ठरलं, मी दुकानात बसतोय." असं आलटून पालटून सहा दिवस, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन. रोज एकच ओळ लिहायची. खुलासा लिहायचा नाही.

भीती, हाव आणि कौल यांतला फरक ऐकायला शिकता येतो. भीती घाईत असते. तिची वाक्यं लांब असतात, "नंतर पस्तावशील" अशा धर्तीची, आणि नीट ऐकलं तर ती कोणाच्या तरी ओळखीच्या आवाजात बोलते, काकांच्या नाहीतर एखाद्या जुन्या मास्तरांच्या. हाव वाक्यांत कमी आणि चित्रांत जास्त येते, आणि त्या चित्रात नेहमी बघणारे लोक असतात: नातेवाईक, वर्गमित्र, गल्लीतली माणसं. कौल असतो तो बहुतेक वेळा आखूड. एका ओळीचा, वाद न घालणारा. आज दुर्लक्ष केलं तर चिडत नाही, चार दिवसांनी तेवढ्याच शांतपणे तेच सांगतो. आणखी एक खूण: तो बहुधा तुमच्याकडूनच काहीतरी मागतो, दुसऱ्याने बदलावं असं म्हणत नाही. ही लक्षणं शंभर टक्के खरी धरू नका. म्हणूनच वही लागते.

वहीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक तीच गाळतात. तुम्ही दुकानदार घरातले आहात, त्यामुळे लगेच लक्षात येईल. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी वीस हजारांची उधारी कोणी देत नाही. आधी दोनशेची देतात, वेळेवर आली तर पाचशेची, मग हजाराची. आतल्या आवाजालाही अशीच पत द्यायची असते, आणि त्याची खतावणी ठेवावी लागते. दोनशे पानी वही घ्या आणि दोन पानं समोरासमोर वापरा. डाव्या पानावर तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप किती तास, पोट भरलेलं की रिकामं, आणि आतून आलेली एक ओळ. उजवं पान कोरं सोडायचं. तिथे पुढे प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं, चार दिवसांनी किंवा महिन्याने. पुण्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून बारीक गोष्टींवर सुरू करा: हा फोन आज करावा की उद्या, या व्यापाऱ्याचा माल घ्यावा का, अमक्या कार्यक्रमाला जावं का. तीस नोंदी झाल्या की उजवी पानं वाचा. कोणत्या वेळची ओळ खरी ठरते आणि कोणत्या वेळची फसवते, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. रात्री अकरानंतरच्या, उपाशी पोटीच्या आणि भांडणानंतरच्या ओळींवर आधीच फुली मारून ठेवली तरी हरकत नाही.

माळरान

आसनस्थांनी घरातलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

आधी जागा. सिद्धेश्वर तलाव शहराच्या मधोमध आहे, देऊळ पाण्यात आणि शेजारी भुईकोट किल्ला. उजाडायच्या वेळी काठावर अर्धा तास छान मिळतो, नंतर वर्दळ वाढते. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला जा, शांतता शोधायला नको. विजापूर रस्त्याकडे कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव. तुळजापूर रस्त्याला हिप्परगा तलाव, त्यालाच एकरुख तलावही म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सिंचनासाठी बांधलेला, पसरट, काठ मोकळे. लांबवर पाण्याकडे पाहत बसायला माझ्या मते जवळपासची सगळ्यात चांगली जागा हीच. एखादा पूर्ण दिवस असेल तर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना तिथे मिळतात आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. मराठीतला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख तिथलाच. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. सकाळी लवकर गेलात तर संगमावर माणूस कमी भेटतो.

नान्नजचं माळढोक अभयारण्य (१९७९ पासून) बार्शी रस्त्यावर आहे. तिथल्या गवतात शिरून बसायचं नाही. परवानगी घ्या आणि ठरवून दिलेल्या वाटेवरूनच फिरा. माळढोक तिथून जवळपास नाहीसाच झाला आहे, आणि उरलेले गवताळ पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. कुठे पाय पडतो ते आपल्याला कळतही नाही. तसाच माळ बघायचा असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर बसा.

आता बसायची पद्धत. घरात आपण शांत झालो की नाही हे आपणच ठरवतो आणि तिथे फसायला होतं. माळावर ते टिटवी सांगते. माणूस दिसला की ती उडते आणि ओरडत घिरट्या घालते, तिच्या ओरडण्याने होले, चंडोल सगळे गप्प होतात. आपण हललो नाही तर साधारण पंधरा-वीस मिनिटांत ती खाली उतरते, दोन-चार पावलं पळते, थांबते, मान तिरकी करून बघते आणि पुन्हा जमिनीत चोच मारायला लागते. ती चरायला लागली की समजायचं, आता तुमच्या असण्याने तिथलं काही अडलेलं नाही. खरा वेळ तिथून मोजायचा. म्हणून माळावर आठ मिनिटं पुरत नाहीत. किमान पाऊण तास काढून जा, आणि दर वेळी नवी जागा शोधू नका. एकाच दगडापाशी महिनाभर बसा. पाचव्या-सहाव्या खेपेपासून तिथली पाखरं कमी बिचकतात आणि आपल्यालाही नव्याची नवलाई उरत नाही. खरं पाहणं तिथून सुरू होतं.

टिटवी पंधरा मिनिटांनीही डोक्यावरून हटत नसेल, अंगावर झेप घेत असेल, तर जवळ तिची अंडी आहेत. लगेच उठा आणि शंभरेक पावलं दूर जा. ती घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांतच अंडी घालते, आणि मार्च ते मे आपल्याकडचं ऊन असं असतं की अंडी सावलीविना पडली तर आतलं पिल्लू मरतं. ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. आपल्या ध्यानापायी तिला उठून राहायला लागू नये.

यातच दुसरं सांगून टाकतो. टिटवी ओरडली म्हणजे अपशकुन, भारद्वाज दिसला म्हणजे काम होणार, असल्या खुणांवर पुण्याचा निर्णय टांगू नका. ती ओरडते ते तिच्या पिल्लांसाठी. निसर्ग तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो इतकंच करतो की तासभर तुमचं लक्ष तुमच्यावरून काढून घेतो, तेही जबरदस्ती न करता. हिप्परग्याच्या पाण्यात काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी दिसतील. त्यांना आपल्याकडे वारकरीच म्हणतात, चांदवा हे दुसरं नाव. त्यांतला एकच निवडा आणि तो बुडी मारून कुठे वर येतो एवढंच दहा मिनिटं पाहा. मन जागेवर आणायला याहून सोपं काही माहीत नाही.

वेळा: मेअखेरीस सूर्य सहाच्या आतच उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. उन्हाळ्यात उजाडायच्या आधी पोचा आणि साडेसातला उठा. संध्याकाळी नको, कारण दिवसभर तापलेला मुरूम आणि खडक रात्रीपर्यंत धग सोडत राहतात. अर्धा लिटर पाणी हवंच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊ नका, चप्पल चिखलातच राहते. मुरमाड उंचवटा बघा.

बसायच्या आधी काठीने जमीन ठोका, बॅटरीने बघा, दगड हाताने उचलू नका. खाली विंचू असतो, आणि आपल्या माळांवर फुरसं आणि घोणस आहेत. बूट घाला. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. तो भाग हलू न देता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, प्रतिविष तिथे मिळतं. एकट्याने जात असाल तर घरी जागा आणि परतायची वेळ सांगून जा. ताई-माईंनी सुनसान काठापेक्षा उघड्या असलेल्या वेळेत बाग निवडावी किंवा सोबतीला कोणी घ्यावं. सोबत असली तरी वीस पावलं अंतर ठेवून बसता येतं.

आणि कुठेच जायला जमत नसेल तर गच्चीवरून दिसणारा एक कडुनिंब पुरे. फाल्गुनात पानं गळतात, चैत्रात तांबूस कोवळी पालवी येते, मग बारीक पांढरा मोहर. एकच फांदी निवडून रोज पाहिली तर वर्षभर पुरते.

तुळसमाळ

वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे. एका बाबतीत मात्र मत वेगळं आहे, ते मांडतो.

प्रश्न घेऊन बसूच नये. शेवटची तीन मिनिटंसुद्धा नको. उत्तराच्या आशेने बसलेला माणूस देवाच्या दारात नाही, खिडकीसमोरच्या रांगेत बसलेला असतो. सगळा वेळ आपला नंबर कधी येतो इकडेच लक्ष. आपल्या वाटेत नामाला काही विचारत नाहीत, नाम घेतात. ज्यांना रिकामं बसणं जमत नाही त्यांच्यासाठी हे सोपंही आहे, कारण जिभेला काम मिळतं.

पद्धत: १०८ मण्यांची तुळशीची माळ, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. "रामकृष्णहरी" सावकाश म्हटलं तर एका माळेला साडेतीन-चार मिनिटं लागतात. सुरुवातीला तीन माळा. पहिली ओठ हलवून ऐकू येईल अशी, दुसरी पुटपुटत, तिसरी मनात. थेट मनातली सुरू केली की दहाव्या मण्याला मन बाजारात गेलेलं असतं आणि बोटं नुसती फिरत राहतात. तसं झालं तर पुन्हा ओठांवर या. आकडा वाढवायची घाई करू नका. अकरा माळांचा नेम धरून पंधरा दिवसांत सोडणाऱ्यांपेक्षा तीन माळा वर्षभर करणारा बरा.

मग निर्णयाचं काय? तो नंतर, उठल्यावर, कामात असताना होतो. शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी. सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली आणि लोकांना हाताशी धरून तलाव खोदला अशी परंपरा आहे. पुढे वचनकार संत अल्लमप्रभू इथे आले आणि सिद्धरामांना कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणला, घेऊन गेले, तेव्हा बाहेरच्या खोदण्याबरोबर आतलंही खणायचं असतं हा विषय निघाला असं सांगतात. दोन्ही लागतं. नुसतं बसून राहणाऱ्याला कौल मिळतो असं आपल्या संतांनी कुठे म्हटलेलं नाही. दुकानात असाल तर ठाण मोजताना, घडी घालताना नाम चालू ठेवा. हात कामात असताना मन कुठे ओढ घेतं ते जास्त स्पष्ट दिसतं.

आणखी एक, हे काळजीपोटी लिहितो. मार्गदर्शन शोधणाऱ्या माणसाला गाठणारे पुष्कळ असतात. जो तुमच्या निर्णयासाठी पैसे मागतो, घरच्यांना सांगू नको म्हणतो, औषधं बंद करायला लावतो किंवा "मला विचारल्याशिवाय काही करू नको" असं म्हणतो, त्याच्यापासून त्याच दिवशी दूर व्हा. खरा मार्गदर्शक तुम्हाला हळूहळू स्वतःच्या पायावर उभं करतो.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. चादरीची युक्ती लागू पडली, आठ मिनिटं आता पूर्ण होतात. दोन शंका. सहा दिवसांचा प्रयोग केला तर वहीत दोन दिवस "पुणे" बरं वाटल्याचं आणि दोन दिवस "दुकान" बरं वाटल्याचं आलं, उरलेले दोन दिवस काहीच नाही. याचा अर्थ काय लावायचा? आणि डोळे अर्धे मिटून बसलं की कधी कधी छाती धडधडते, उठून पळावंसं वाटतं. हे चालू द्यावं का?

मोकळं_मन

आधी धडधडीचं. तिला "चालू द्या, निघून जाईल" असं सरसकट सांगणं चुकीचं आहे. दिवसभर गर्दीत आणि फोनमध्ये दबलेली काळजी शांत बसल्यावर वर येते. थोडी अस्वस्थता त्यामुळे बहुतेकांना होते. अशा वेळी जोर लावू नका. डोळे पूर्ण उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, आणि तरी थांबलं नाही तर बसणं सोडून चाला. सावकाश चालणं हीसुद्धा पुरेशी साधना आहे: वीस पावलं जायचं, वळायचं, वीस पावलं यायचं, लक्ष टाच टेकण्यावर. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा ज्यांच्या मागे जुना मोठा आघात आहे, त्यांनी सुरुवातच चालण्याने करावी. आणि धडधड बसण्याव्यतिरिक्त, जिने चढताना किंवा छातीत दुखण्यासोबत होत असेल तर आधी हृदयाची तपासणी.

काही लक्षणं दिसली तर साधना बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जायचं: दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेलेली, कशातच रस नाही, जीव नकोसा वाटणं, किंवा कानांनी खरोखर आवाज ऐकू येणं आणि त्या आवाजाने हुकूम सोडणं. हा शेवटचा प्रकार "आतला आवाज" नव्हे, यावर उपचार असतात आणि ते लवकर सुरू झाले तर चांगला फरक पडतो. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता वहीतल्या दोन-दोन-दोनचं. यावरून तुम्हाला अंतर्ज्ञान नाही असं ठरत नाही. बहुधा माहितीच अपुरी आहे. शांत बसून पुण्यातल्या खोलीचं भाडं कळत नाही. एका कागदावर आकडे मांडा: पगार हातात किती पडेल, भाडं, मेस, महिन्याला किती वेळा सोलापूरला येणं होईल. दुसरीकडे दुकानाची गेल्या बारा महिन्यांची खरी शिल्लक किती, उधारी किती अडकली, वडील अजून किती वर्षं गल्ल्यावर बसू शकतात. यातला एखादा आकडा जरी माहीत नसला तरी मन रोज तो नव्याने कल्पतं, म्हणून कौल रोज बदलतो. आकडे भरून झाले की पुन्हा सहा दिवस बसा.

आसनस्थ

मोकळं_मन यांच्याशी पूर्ण सहमत. धडधड असेतो तीन मिनिटांचा प्रश्न बंद ठेवा, फक्त आवाज ऐका किंवा चाला.

तुळसमाळ, तुमचा आक्षेप रास्त आहे. ज्यांची वाट नामाची आहे त्यांनी प्रश्न आणूच नये. पण उंबरठा यांना दोन महिन्यांची मुदत आहे, म्हणून तेवढी तीन मिनिटं सुचवली होती.

उंबरठा, वहीत एक तपासा. "पुणे" बरं वाटलं त्या दोन दिवसांची डावी पानं शेजारी ठेवा. झोप किती होती? आदल्या दिवशी दुकानात कोणाशी वाजलं होतं का? "दुकान" बरं वाटलं त्या दिवसांचंही तसंच बघा. भांडणानंतर "पुणे" आणि सणाच्या विक्रीनंतर "दुकान" असा मेळ दिसला, तर त्या चारही ओळी मनःस्थितीच्या आहेत, कौल म्हणून धरू नका. आणि कोरे गेलेले दोन दिवस खोडू नका. "काही नाही" हीसुद्धा नोंद आहे, तशीच राहू द्या.

आणि मुदत संपायच्या आधी दोन्ही बाजू थोड्या थोड्या जगून बघा. चार दिवस पुण्यात ओळखीच्यांकडे राहा, ऑफिसच्या वेळेला बसने जाऊन या. चार दिवस इथे सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत दुकान एकट्याने सांभाळा, वडिलांना घरी बसवून. दोन्हीकडे सकाळची आठ मिनिटं चुकवू नका, चादर सोबत न्या.

उंबरठा

पुढच्या सोमवारी पुण्याला जाऊन येतो. वडिलांना चार दिवस घरी बसवायचं जास्त अवघड दिसतं आहे, पण ते आजच बोलून ठेवतो. रविवारी पहाटे हिप्परग्याला. माळरान, टिटवी चरायला लागेपर्यंत उठणार नाही.

माळरान

जरूर. उगवतीला पाठ करून बसा, नाहीतर पाण्यावरची तिरीप सरळ डोळ्यांत येते आणि वारकरी दिसत नाहीत. अंगात भडक रंगाचं काही नको, मातकट किंवा राखाडी बरं. पोचल्याची वेळ आणि टिटवी खाली उतरल्याची वेळ, दोन्ही वहीत लिहा.